माळ्यावरचे सहा खोके आणि एक फियाट

जानेवारी २०२४ मध्ये अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते दोन दिवस घरभर नव्यानं बघत हिंडत होते. भिंतीवरचे डाग, माझे पांढरे केस, सगळ्यावर शेरे मारून झाल्यावर माझ्या खोलीतल्या माळ्याखाली येऊन थांबले.

"ते खोके कसले गं?"

"जोडायच्या गाड्यांचे, अण्णा. तुम्हाला दाखवले होते की."

"दाखवले असशील. दिसले आत्ता."

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायच्या छोट्या गाड्यांचे हे खोके सहा होते आणि सहाही न जोडलेले. पहिला २०१६ मध्ये सिंगापूरहून आणलेला, तामिया या जपानी कंपनीची फोक्सवॅगन बीटल. मग मिनी कूपर, मग हासेगावाची सुझुकी जिम्नी (आपल्या जिप्सीची जवळची नातलग), असं करत करत सहा. दर सुट्टीत एखादा खोका खाली काढायचा, झाकण उघडायचं, भागांवरून हात फिरवायचा, सूचनांचा कागद वाचायचा आणि झाकण लावून परत वर. बिघडवायची भीती. जोपर्यंत जोडलेली नाही तोपर्यंत ती गाडी माझ्या डोक्यात अगदी निर्दोष असते. हा छंद असणाऱ्या बहुतेकांकडे असा न उघडलेला साठा असतो आणि बहुतेकांना त्याची थोडी लाज वाटते.

अण्णांनी सगळे खोके खाली उतरवायला लावले. एकेक हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "एवढ्या गाड्या आणल्यास, त्यात आपली फियाट नाही?"

आमच्याकडे १९७९ ते २००३ फियाट होती, सायीच्या रंगाची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी कोण म्हणतं? कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तरी ती फियाटच. आदल्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या तेव्हा अण्णांनी ती बातमी कापून ठेवली होती. तेव्हा ठरवलं की एक गाडी पूर्ण करायची, आणि तीही फियाट.

हे लिहितेय ते माझ्यासारख्याच, खोका उघडून परत बंद करणाऱ्यांसाठी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ते पुढे उपयोगी पडलं. एकदा अजिबात पडलं नाही.

पद्मिनीचं, म्हणजे मूळच्या फियाट ११०० डी चं, जोडायचं प्लॅस्टिकचं किट मला कुठे मिळालं नाही. मिळाली ती तिची छोटी बहीण, तामियाची फियाट ५००एफ, प्रमाण १/२४. खरी गाडी २.९७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण साडेबारा सेंटिमीटर. १/२४ हे प्रमाण जपानी कंपन्यांचं आवडतं, अमेरिकन कंपन्या जास्त करून १/२५ मध्ये काढतात. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक जाणवत नाही, पण एकाची चाकं दुसऱ्याला बसवायला गेलात की जाणवतो. तामिया हे नाव या छंदात सारखं ऐकू येईल. शिझुओका गावची ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून सुरू झाली, लाकडी मॉडेलं करता करता १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. फुजिमी, आओशिमा, हासेगावा याही त्याच प्रांतातल्या. पहिल्यांदा करणाऱ्यानं तामियाच घ्यावं असं जो तो सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. भाग एकमेकांत न कुरकुरता बसतात, त्यामुळे चूक झाली तर ती आपलीच, हे लगेच कळतं.

३ मार्चला जपानमधल्या एका ऑनलाइन दुकानात ऑर्डर दिली. किट ₹१,२५० च्या आसपास, पोस्टेज ₹१,३००. किटपेक्षा पोस्टेज जास्त, हे पचवावं लागतं. म्हणून लोक एकदम चार-पाच किट मागवतात आणि त्यातून माळ्यावरचे साठे तयार होतात. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना तीनदा नकार येतो. मला आला.

पार्सल ९ मार्चला निघालं, १३ ला मुंबईत पोचलं आणि १५ ला ट्रॅकिंगवर 'कस्टम्सने रोखले' अशी ओळ उमटली. पहिल्यांदा ती ओळ वाचताना पोटात गोळा येतो. आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. तसं काही नसतं, त्यांना कागद हवे असतात. २१ ला पत्र आलं: ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू कशासाठी मागवली याचं निवेदन. २२ ला सगळं ईमेलनं पाठवलं आणि निर्धास्त झाले.

२ एप्रिलला उत्तर आलं की नाव जुळत नाही. ऑर्डर मी नुसत्या माझ्या नावानं आणि माहेरच्या आडनावानं दिली होती, कारण त्या दुकानात माझं खातं जुनं आहे. आधारवर नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. बायकांनो, हे आधी तपासा. ऑर्डरवर आधारवरचंच नाव अक्षरशः तसंच टाका. मी साध्या कागदावर 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं स्वयंघोषणापत्र लिहिलं, लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडली आणि पाठवलं. फोनवर तिकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हे आधीच जोडलं असतंत तर." आधी कसं सुचणार?

८ एप्रिलला तिसरी शंका: हे खेळणं आहे, मग बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र कुठे? खेळण्यांसाठीचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि माझ्या बिलावर मोघमपणे 'टॉय' असा शब्द होता. इथे मी जरा बसून वाचलं. त्या आदेशातलं खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली वस्तू. मग एक पानी पत्र लिहिलं: ही मोठ्यांच्या छंदासाठीची, कापून, चिकटवून, रंगवून पूर्ण करायची संच-वस्तू आहे, एकच नग आहे, विक्रीसाठी नाही. सोबत दुकानाच्या पानाची छापील प्रत, ज्यावर किमान वय पंधरा वर्षं दिलेलं होतं. माझं काम या पत्रानं झालं. तुमच्या पार्सलचा निर्णय तिथला अधिकारी घेणार, त्यामुळे हमी देत नाही. पण दुकानदाराला आधीच सांगा की बिलावर 'प्लॅस्टिक मॉडेल किट' असंच लिही आणि खरी किंमत लिही. किंमत कमी दाखवायला सांगू नका, मग पैसे भरल्याचा पुरावा आणि बिल जुळत नाही आणि फेरा वाढतो.

१६ ला सुटलं. २० एप्रिलला पोस्टमन दारात. शुल्क ₹१,४३०. हिशेबात किटच्या किमतीबरोबर पोस्टेजही धरलेलं होतं, म्हणजे पोस्टेजवरही कर. अण्णांनी पैसे मोजून दिले आणि खोका हातात घेऊन म्हणाले, "ही? ही तर आपल्या फियाटच्या डिकीत मावेल."

मे महिना सुट्टीचा, आणि तोच सगळ्यात सुखाचा गेला. हत्यारं पुण्यातच जमली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सपाट तोंडाचा बारीक कटर मिळतो, ₹६५० चा घेतला. घड्याळवाल्यांच्या सामानाच्या दुकानातून टोकदार चिमटा ₹१२०. अप्पा बळवंत चौकातून पातळ पात्याचा चाकू ₹१८०. बोहरी आळीतून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, ६०० पासून २००० नंबरापर्यंत, सगळे मिळून ₹१२०. दुकानदारानं विचारलं, "गाडीचं काम काढलंय का?" हो म्हटलं.

किटमधले भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. भाग चौकटीपासून एका झटक्यात कापायचा नाही. आधी लांबून कापायचा, मग उरलेला देठ जवळून, मग कागदानं घासायचं. एका झटक्यात कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा भागातच खड्डा पडतो. आणि सूचनेतली ती पायरी येईपर्यंत कुठलाच भाग सुटा करायचा नाही, कारण सुट्या भागावर नंबर नसतो, नंबर चौकटीवर असतो. मी उत्साहात सहा भाग आधीच कापून ठेवले होते. त्यातला डावा कुठला आणि उजवा कुठला यात एक दुपार गेली.

कापण्याआधी सगळं भांड्यांच्या साबणानं धुवायचं, साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असू शकतो. धुताना सिंकच्या जाळीवर फडकं टाका. का ते सांगत नाही.

गोंद मात्र समजून घ्या. हिरव्या झाकणाचा पातळ सिमेंट म्हणतात तो (₹३८०) खरं तर गोंद नाहीच. त्यात ब्युटिल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीवर ब्रशचं टोक लावायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्हीकडचं पॉलिस्टायरिन किंचित विरघळतं, एकमेकांत मिसळतं आणि द्रव उडून गेला की एकजीव होतं. वेल्डिंगच म्हणा ना. त्यामुळे जास्त लावला तर भागच वितळतो आणि त्यावर आपल्या बोटाचा ठसा उमटतो. माझा अंगठा या गाडीच्या तळाला कायमचा आहे.

अण्णा रोज संध्याकाळी चार ते साडेपाच समोर बसत. मागच्या बाजूला इंजिन हे त्यांना रुचलंच नाही. "रेडिएटर कुठाय?" नाही, हवेनं थंड होणारं आहे, दोन सिलिंडर, ४९९ सीसी. "आपली १०८९ होती. चार सिलिंडर. खंडाळ्याला तरी थांबावं लागायचं, ही काय चढणार!" गिअर खाली, आपल्या फियाटला स्टिअरिंगला. स्टिअरिंग डावीकडे. दारं मात्र सरळ उघडणारी. त्यावरून त्यांना त्यांच्या काकांची डुक्कर फियाट आठवली, तिची पुढची दारं उलटी उघडायची. काकू उतरताना पदर अडकायचा तो किस्सा मी पूर्वी ऐकलेला, पण या वेळी त्यांनी हातात अर्ध्या वितीच्या गाडीची बॉडी धरून, बोटानं दाराची रेघ दाखवत सांगितला.

जूनमध्ये मी घाई केली.

रंगाचे डबे जपानहून विमानानं येत नाहीत. दाबाखालचे, ज्वलनशील, म्हणून टपालात घेतच नाहीत. इथे हॉबीचे रंग मिळणारी दुकानं मोजकी, आणि आठ दिवस थांबायची माझी तयारी नव्हती. नाना पेठेत गाड्यांच्या टचअपचे स्प्रे मिळतात, तिथून सायीच्या रंगाचा एक डबा आणला, ₹२६०. शनिवार, २९ जून. बाहेर बारीक पाऊस. बाथरूममध्ये पंखा लावून (गॅस गीझर बंद करून, हे विसरू नका) बॉडी पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर चढवली आणि मारला रंग. पातळ दिसला म्हणून आणखी मारला. दहा मिनिटांत छपरावर दुधासारखी झाक आली. दारापाशी ओघळ आले, आणि दाराची रेघ पार बुजली.

आता हे ऐका. द्रवाची वाफ होताना पृष्ठभाग थंड होतो, हे मी गेली बावीस वर्षं अकरावीला माठाचं उदाहरण देऊन शिकवते. स्प्रेमधलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत दमटपणा असेल तर हवेतलं बाष्प ओल्या रंगावर पाणी होऊन बसतं. ते पाणी रंगात अडकतं आणि पांढरी झाक दिसते. जूनच्या शेवटच्या शनिवारी, पुण्यात, पावसात मी माठ शिकवणारी बाई माठासारखीच बसले होते.

दुसरी चूक जाडीची. मॉडेलवर रंगाचा थर नुसता ०.१ मिलिमीटर झाला, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबात तो २.४ मिलिमीटर होतो. एवढा थर म्हणजे गाडीवर लांबी (पुट्टी) भरून सोडून दिल्यासारखं. सगळ्या रेघा बुजणारच.

त्या रात्री मी बॉडी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. सकाळी ती टेबलावर होती. अण्णा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

रंग काढता येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा लिटरचा डबा ₹३४० ला मिळाला. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवली, दोन दिवसांनी जुन्या दातांच्या ब्रशनं घासली, परत बुडवली. तीन फेऱ्यांत प्लॅस्टिक जवळजवळ कोरं झालं. अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही वापरू नका, रंगाबरोबर गाडीही जाईल. आणि हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब करा. २५ जुलैला पुण्यात अनेक सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं त्या आठवड्यात आमचे दिवे गेले होते. मेणबत्ती पेटवायच्या आधी मी तो डबा गॅलरीच्या टोकाला नेऊन ठेवला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. कुठलाही नवा रंग आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघायचा. तेही पॉलिस्टायरिनच असतं बहुतेक. अडचण एवढीच की २०२२ पासून एकदा वापरायचे चमचे देशभर बंदच झालेत. पण मराठी घराच्या ड्रॉवरमध्ये काय नसतं? कुठल्याशा मुंजीतले, धुऊन ठेवलेले अकरा चमचे आईच्या काळापासून पडून होते. त्यांवर तीन वेगवेगळे स्प्रे मारले. एकानं चमच्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडल्या. तो बॉडीवर मारला असता तर अल्कोहोलनंही काही झालं नसतं.

आणि मास्क. साधा कापडी किंवा एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो, ₹१,४०० चा. सगळ्या खर्चात हा मला जड वाटला आणि यावरच मी सर्वात आधी पैसे घालायला हवे होते. त्याच्यासोबत ₹३५० चा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घेतला. ऑगस्टभर तो ८० टक्क्यांच्या वर. मी ठरवलं, ६० च्या खाली येईपर्यंत डबा हातात घ्यायचा नाही.

या काळात आतली कामं केली. खुर्च्या, डॅशबोर्ड, चाकं, तळ. बाटलीतले अ‍ॅक्रिलिक रंग, पाच बाटल्या ₹१,१००, ब्रशनं. काचांभोवतीचं काळं रबर शून्य नंबरच्या ब्रशनं रंगवायचं होतं. माझा हात थरथरायचा. अण्णांनी एकदा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे बघितले होते. ते म्हणाले, "ते मनगट टेकवून बसतात आणि मूर्ती फिरवतात, ब्रश नाही." मनगट पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवलं, काच फिरवली, आणि रेघ आली. अगदी सरळ नाही, पण रबरासारखी.

७ सप्टेंबरला गणपती बसले. आमचा टेबल मखराला गेला, सगळं सामान परत माळ्यावर. विसर्जनानंतरही पंधरा दिवस मी ते खाली काढलं नाही. का ते सांगता येणार नाही. परत बिघडेल असं वाटत होतं, दुसरं काय.

सप्टेंबरअखेरीस बंगळूरच्या एका हॉबी दुकानातून रंग मागवले. स्प्रे असल्यामुळे रस्त्यानं येतात, आठ दिवस लागले. पांढरा बारीक प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), तामियाच्या टीएस-७ रंगाचे दोन डबे, टीएस-१३ चं चकाकीचं क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर. पाठवणीसकट ₹३,५००. टीएस-७ चं नाव रेसिंग व्हाइट, पण रंग पांढरा नाही, सायीकडे झुकणारा. झाकणाचा रंग बघून अण्णा म्हणाले, "हां."

ऑक्टोबरातही पाऊस रेंगाळला. २६ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी साडेनऊ, मीटर ५२. गच्चीवर पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवून त्यात बॉडी. डबा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाच मिनिटं धरून ठेवला की फवारा बारीक येतो (कोमट म्हणजे कोमटच, गॅसजवळ नेऊ नका). वीतभर अंतर. बॉडीच्या बाहेर फवारा सुरू करायचा, वरून न्यायचा, बाहेर गेल्यावर बोट उचलायचं. पहिला हात म्हणजे नुसतं धुकं, खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. तिथेच आणखी मारायचा मोह होतो. तो आवरण्यासाठी मी डबा खाली ठेवून गच्चीला एक चक्कर मारायचे. प्रायमर झाला. रविवारी रंग, चार पातळ हात, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं.

चौथ्या हातानंतर छपरावर एक चिलट येऊन बसलं आणि तिथेच अडकलं.

माझं बोट पुढे झालं होतं. थांबले. ओल्या रंगात बोट घातलं की चिलटाचा खड्डा होतो बोटाएवढा. पाच दिवस वाळू दिलं, मग २००० चा कागद पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासलं. चिलट गेलं. रंग वाळला की नाही हे बघायचं नसतं, हुंगायचं असतं. नाकाशी नेऊन थिनरचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही. दिवाळीचा सगळा आठवडा बॉडी फराळाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्याखाली झाकून होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा तो डबा उचलू नका म्हणून बजावत होते. म्हणजे प्रत्येकाला उचलून दाखवत होते.

९ नोव्हेंबरला क्लिअर. पहिले दोन हात धुक्यासारखे, मग एक ओला. तरी संत्र्याच्या सालीसारखा पोत आला. आठवडाभरानं तो २००० च्या ओल्या कागदानं सपाट करून पॉलिशच्या पेस्टनं चमकवला. कडांवर जोर देऊ नका. मी डाव्या मडगार्डच्या कडेवर दिला आणि खालचा प्रायमर दिसू लागला. तिथे ब्रशनं टिपका लावलाय, उजेडात कळतो. कडांना आधी मास्किंग टेप लावून घेतली असती तर टळलं असतं.

शेवटचं काम काचांचं. पारदर्शक भागांना तो पातळ सिमेंट लावायचा नाही, झटपट चिकटणारा गोंद तर मुळीच नाही, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. हे मी वाचलेलं होतं. मागची आणि बाजूची काच फेव्हिकॉलनं लावली, वाळल्यावर तो दिसतही नाही. पुढची काच मात्र एका कोपऱ्यात उचलली जात होती, रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी झटपट गोंदाचा एकच थेंब... दुसऱ्या दिवशी खालच्या कडेला बोटभर पांढरी झाक. टूथपेस्टनं घासून निम्मी गेली, निम्मी आहे.

२४ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, नंबरप्लेटचं चित्र पाण्यात भिजवून सरकवलं, दोन वायपर चिकटवले आणि गाडी पूर्ण झाली. काही वाजलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी चहा ठेवला.

खर्चाची वही अण्णांनीच ठेवली होती. किट, पोस्टेज आणि शुल्क ₹३,९८०, हत्यारं आणि गोंद ₹१,४५०, मास्क ₹१,४००, मीटर ₹३५०, नासलेला डबा ₹२६०, अल्कोहोल ₹३४०, स्प्रे ₹३,५००, बाटल्या ₹१,१००, ब्रश ₹१९०. एकूण ₹१२,५७०. त्यातली हत्यारं, मास्क, मीटर पुढच्या गाडीला आहेत, आणि टीएस-७ चा एक डबा निम्मा शिल्लक. किटची किंमत बघून 'सव्वा हजाराचा छंद' असं कोणी म्हणालं तर ही बेरीज दाखवा.

चहा घेऊन आले तेव्हा अण्णा चष्मा नाकावर खाली ओढून गाडी डोळ्यांजवळ धरून बसले होते. काचेवरची झाक त्यांना दिसणार हे मला माहीत होतं. मी सांगून टाकलं, अण्णा, पुढच्या काचेवर माझ्याकडून गोंदाची वाफ बसली.

"ते पावसात येतंच," ते म्हणाले. "आतून फडक्यानं पुसायचं. तुझी आई पुसायची, मी चालवायचो." मग थोड्या वेळानं, "उजवा वायपर वाकडा लावलायस पण."

तो वायपर तसाच आहे. गाडी टीव्हीच्या शेजारी, उन्हापासून लांब ठेवली आहे, कारण ऊन लागलं तर सायीचा रंग पिवळा पडू शकतो. जिम्नीचा खोका मी काल खाली काढला. हिरवी करायची, असं अण्णांचं म्हणणं आहे. मीटर सध्या ४१ दाखवतोय, फेब्रुवारी-मार्चमध्ये बॉडी रंगवून घेता येईल. या वेळी चमचे आधी.